१९५३ चे ‘तोस्का’: ऑपेरा ऐकू लागणाऱ्यासाठी एक ध्वनिमुद्रण

इटालियन ऑपेराची गोडी लावून घेऊ पाहणारा श्रोता बहुधा निवडक गीतांच्या संकलनापासून सुरुवात करतो आणि पाचसहा गीते ऐकून झाली की कंटाळतो. माझेही अनेक वर्षे तसेच होत असे, कारण ही माणसे इतक्या जिवाच्या आकांताने का गात आहेत, हे कळायला मार्गच नव्हता. तो उलगडा झाला, तो इटालियन संगीतकार पुच्चिनी याच्या ‘तोस्का’ या ऑपेराचे ऑगस्ट १९५३ मध्ये मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात झालेले ध्वनिमुद्रण संहिता, म्हणजे ऑपेराचे छापील शब्द, हाती धरून सलग ऐकले तेव्हा. मारिया कॅलास, जुझेप्पे दी स्तेफानो आणि तितो गोब्बी हे यातील प्रमुख गायक असून संगीतसंचालन व्हिक्टर दे साबाता यांचे आहे.

पहिल्या तीन जोरकस स्वरसंघांतच रोमचा क्रूर पोलीसप्रमुख स्कार्पिआ उभा राहतो. रंगमंचावर तो बऱ्याच उशिरा येतो, पण त्याचे नुसते नाव निघाले तरी हे स्वर परत येतात. रॉसिनी या आधीच्या काळातील संगीतकाराच्या ऑपेरात गीत संपते, टाळ्या पडतात आणि मग कथा पुढे सरकते; पुच्चिनीचे गीत मात्र संवादातूनच उगवते आणि पुन्हा संवादात विरून जाते. त्यामुळे ते संकलनासाठी उपटून काढले की त्याची मुळे तुटतात.

याचा खरा प्रत्यय दुसऱ्या अंकात येतो. जून १८०० मधील एका रात्री, फार्नेसे प्रासादात, चित्रकार कावारादोस्सीचा आतल्या दालनात छळ चालू आहे आणि बाहेर स्कार्पिआ त्याच्या प्रेयसीशी, गायिका तोस्काशी, अत्यंत सभ्यपणे बोलत आहे. गोब्बी यांनी हा सभ्यपणा इतका सांभाळला आहे की त्यांचा आवाज चढतो त्यापेक्षा उतरतो तेव्हाच अधिक धास्ती वाटते. सर्व बाजूंनी कोंडी झालेली तोस्का ‘विस्सी दार्ते’ (‘मी कलेसाठी जगले’) हे गीत गाते, तेव्हा ते केवळ गोड गीत न राहता देवाला विचारलेला जाब होतो. प्रेक्षकांविना झालेले मुद्रण असल्याने त्यानंतर टाळ्या नाहीत, आणि हे फार बरे झाले. स्कार्पिआला भोसकल्यानंतर ‘याच्यासमोर सारे रोम थरथरत असे’ हे वाक्य कॅलास एकाच सुरावर, जवळजवळ बोलल्यासारखे म्हणतात. पूर्ण ध्वनिमुद्रणात मला सर्वाधिक भावलेली जागा हीच, आणि तिथे तान नाही की उंच स्वर नाही.

तिसऱ्या अंकाच्या आरंभी पहाटेच्या घंटा ऐकू येतात. रोममध्ये त्या खरोखर कशा वाजतात, हे पुच्चिनी स्वतः जाऊन ऐकून आला होता.

दोष सांगायला हवेत. मुद्रण मोनो आहे, म्हणजे सारा आवाज एकाच ध्वनिमार्गातून येतो, त्यामुळे पहिल्या अंकाच्या शेवटी वृंदगायन, ऑर्गन, घंटा आणि तोफा एकदम येतात तेव्हा दाटी होते आणि शब्द बुडतात. दी स्तेफानो यांचा आवाज मधुर असला तरी वरच्या स्वरांवर ते तो सढळपणे उधळतात. मी वापरतो त्या ॲपवर मूळ संहिता मिळत नाही, ती स्वतंत्रपणे शोधावी लागते. मात्र ती समोर नसेल तर हा सारा खटाटोप निम्म्याने वाया जातो, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे आवडले तर याच तिघांचे ‘रिगोलेत्तो’ पुढे घ्यावे. व्हेर्दीचा हा ऑपेरा तुल्लिओ सेराफीन यांच्या संचालनाखाली १९५५ मध्ये ला स्कालातच मुद्रित झाला. तेथे गोब्बी लेकीवर जीव टाकणारा दरबारी विदूषक आहेत आणि कॅलास त्याची भाबडी मुलगी; स्कार्पिआच्या त्याच गळ्यातून इतकी माया पाझरते, यावर पहिल्या खेपेस विश्वासच बसत नाही.