सोलापूरच्या उन्हात कासवासाठी दिवे: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

मागच्या नोव्हेंबरात आमच्या कासवाच्या, गोटीच्या टाकीवर यूव्हीबीची, म्हणजे उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारी नळी बसवली, तेव्हा अण्णा म्हणाले, "सोलापुरात राहून ऊन विकत आणलंस व्हय?" त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२-४३ वर जातो, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. पण त्याच उन्हाळ्यातून बाहेर पडलेल्या आमच्या कासवाच्या कवचाची मागची कड सप्टेंबरात बोटाने दाबली तर दबत होती. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी. तो स्पर्श अजून बोटावर आहे.

गोटी म्हणजे रेड-इअर्ड स्लायडर, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं पाणकासव. मूळ अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातलं. पाण्यात राहतं, पण दिवसाचे कित्येक तास ओंडक्यावर चढून ऊन खातं. उन्हातल्या यूव्हीबी किरणांनी, म्हणजे साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटरच्या पट्ट्यातल्या, त्याच्या कातडीत डी-३ जीवनसत्त्व तयार होतं. ते नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही आणि शरीर हाडांतून, कवचातून ते काढून घेऊ लागतं.

आमची चूक अशी झाली की टाकी पूर्वेच्या खिडकीत ठेवली होती. सकाळी लख्ख ऊन यायचं आणि आम्ही निर्धास्त होतो. पण खिडकीची साधी काच उजेड आणि उष्णता आत सोडते, यूव्हीबी जवळजवळ सगळं अडवते. म्हणजे गोटीला उन्हाचा ताप मिळत होता, उन्हाचा उपयोग मिळत नव्हता. शिवाय काचेची टाकी काचेच्या खिडकीत ठेवली की पाणी बघता बघता तापतं. ज्यांनी टाकी अशी ठेवली असेल त्यांनी आजच हलवावी.

पुण्यातल्या पशुवैद्यांनी कॅल्शियम दिलं आणि दिव्याची व्यवस्था करायला सांगितलं. मग सुरू झाली शोधाशोध. इथल्या एका दुकानात "यूव्ही नळी द्या" म्हटल्यावर पाण्याच्या फिल्टरमधली नळी पुढे केली. ती यूव्हीसी असते, जंतू मारायची. ती टाकीवर लावली तर कासवाचे आणि आपलेही डोळे भाजतील. डास मारायच्या यंत्रातली निळी नळीही चालत नाही, तिच्यात यूव्हीए असतं, यूव्हीबी नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी बनवलेला आणि यूव्हीबीची टक्केवारी छापलेला दिवाच घ्यावा लागतो.

पहिला दिवा मी ऑनलाइन मागवला, पिळाचा, सीएफएलसारखा. स्वस्त होता, होल्डरमध्ये बसला, निळसर उजेड पडला. आणि मी तो टाकीच्या काचेच्या झाकणावर ठेवला! खिडकीचा धडा डोळ्यांपुढे असताना तीच चूक केली. झाकण काढल्यावरही त्याचा झोत फार छोट्या जागेवर पडायचा, गोटी वीतभर सरकली की बाहेर.

शेवटी आर्केडिया कंपनीची २४ वॅटची, सहा टक्के यूव्हीबीची टी-फाइव्ह, म्हणजे बारीक ट्यूबलाइटसारखी नळी रिफ्लेक्टरसकट घेतली. घरात यावर बोलणी झाली, कारण रक्कम टाकीपेक्षा जास्त होती. आज अकरा महिन्यांनी सांगते, तो खर्च योग्य ठिकाणी झाला. नळी लांब असल्याने गोटीच्या अख्ख्या पाठीवर आणि पसरलेल्या मागच्या पायांवरही उजेड पडतो. नळी आणि कवच यांत साधारण दहा इंच अंतर ठेवलं आहे, मध्ये काच नाही, जाळीही नाही. बारीक जाळी असली तर यूव्हीबीचा बराच वाटा तिथेच अडतो, तेव्हा अंतर पुन्हा बघावं लागतं.

आता उष्णतेचं, कारण सोलापूरकरांसाठी खरी मेख इथे आहे. बाजारात मर्क्युरी व्हेपर नावाचे दिवे मिळतात, एकाच दिव्यात ऊब आणि यूव्हीबी. ऐकायला सोयीचं वाटतं, पण आपल्या गावात तो घेऊ नका. मे महिन्यात खोलीच ३७-३८ अंशांवर असते, तिथे ऊब देणं म्हणजे कासवाला भाजणं. दिवा बंद करावा तर यूव्हीबीही बंद. शिवाय वीज गेली की हा दिवा पूर्ण थंड झाल्याशिवाय पुन्हा लागत नाही, आणि आमच्याकडे दुपारी विजेचा लपंडाव चालूच असतो. थर्मोस्टॅटवर किंवा डिमरवरही तो चालत नाही. म्हणून ऊब वेगळी आणि यूव्हीबी वेगळी, दोन्हींना दोन टायमर.

ऊब द्यायला मी ५० वॅटचा साधा हॅलोजन स्पॉट वापरते, चिनी मातीच्या होल्डरमध्ये. बसायच्या जागेवर शहाबादी फरशीचा तुकडा ठेवला आहे, तो ऊब धरून ठेवतो. फरशीवर ३२ ते ३४ अंश, पाण्यात २५-२६, असं गणित. हाताने अंदाज घेत बसू नका, दोन प्रोब थर्मामीटर लावा. लाल रंगाचा "रात्रीचा दिवा" घेऊ नका, कासवांना लाल रंग दिसतो. रात्री सगळे दिवे बंद, बारा तास अंधार.

जानेवारीत एकदा मोठा आवाज झाला. गोटी फरशीवरून धपकन पाण्यात उतरली, शिंतोडे तापलेल्या बल्बवर गेले आणि तो फुटला. काचा पाण्यात. ती वाचली, पण मी तासभर वाटीने आणि गाळणीने काचा वेचत होते. तेव्हापासून बल्बभोवती तारेची जाळी आहे, आणि प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोका देऊन मग वर नेली आहे, म्हणजे थेंब ओघळला तर सॉकेटपर्यंत न जाता खालीच पडतो.

थंडीत, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, रात्री पाणी २० पर्यंत उतरायचं आणि गोटी खाणं सोडायची. मग १०० वॅटचा पाण्याचा हीटर टाकला, त्यावर प्लॅस्टिकचं आवरण घालून, म्हणजे ती त्याला चिकटून भाजणार नाही. दोन दिवसांत खायला लागली. मार्चमध्ये हीटर काढला. एप्रिल-मेमध्ये हॅलोजन पूर्ण बंद, यूव्हीबीची नळी मात्र रोज. पाणी ३० च्या वर जायला लागलं की टाकीच्या बाहेरच्या काचेवर आपला सोलापुरी टॉवेल ओला करून टाकायचा, दिव्यांपासून लांब. कोरडी हवा असल्याने दीड-दोन अंश तरी उतरतात. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्यामुळे रोज पाणी बदलून थंड ठेवणं आम्हाला शक्यच नाही.

बोअरच्या जड पाण्याचा एक त्रास कुणी सांगितला नव्हता. नळीवर शिंतोडे वाळून पांढरे डाग धरतात आणि तेवढं यूव्हीबी अडतं. दर रविवारी नळी बंद करून, थंड झाल्यावर व्हिनेगरच्या ओल्या फडक्याने पुसते.

नळी काम करते का हे डोळ्यांना कळत नाही. यूव्हीबी संपलं तरी उजेड तसाच दिसतो. पुण्याच्या मैत्रिणीने तिचा सोलारमीटर ६.५, म्हणजे यूव्ही इंडेक्स (अतिनील किरणांची तीव्रता) मोजायचा मीटर, दोनदा पाठवला. नवी असताना फरशीवर यूव्ही इंडेक्स ३.१ होता, गेल्या महिन्यात २.५. त्याच मीटरने सकाळी साडेआठला गच्चीवर तीनच्या जवळपास दाखवलं, आणि बंद खिडकीच्या आत शून्य. अण्णांना ते आकडे दाखवले. त्यांनी मीटर स्वतः हातात घेऊन खिडकी दोनदा उघडली आणि मिटली. आता रविवारी टबमध्ये गोटीला गच्चीवर नेऊन अर्धा तास बसायचं काम त्यांनीच घेतलं आहे. टबवर अर्धी सावली हवी, आणि घारी-मांजरांमुळे जागेवरून उठायचं नाही.

कवच भरायला पाच महिने लागले. जुने पापुद्रे सुटले, खाली नवी, घट्ट वाढ आली. नुसत्या दिव्याने हे झालं असं मी म्हणणार नाही, औषध आणि कॅल्शियमसाठी टाकीत तरंगणारा समुद्रफेसाचा तुकडाही होता. पण औषध पूर्वीही एकदा दिलं होतं, तेव्हा फरक पडला नव्हता.

हे कासव नीट सांभाळलं तर वीस-तीस वर्षं जगतं, तेव्हा दिव्याचा आणि विजेचा खर्च घेण्याआधी धरा. नको झालं म्हणून सिद्धेश्वर तलावात किंवा कंबर तलावात सोडू नका. ते तिथल्या देशी कासवांची जागा आणि अन्न बळकावतं. आणि देशी कासव घरात आणू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.

नळी बसवल्याची तारीख मार्करने पट्टीवर लिहून ठेवली आहे. वर्ष भरत आलं, नवी मागवली आहे. जुनी काढल्यावर दोन्ही एकाच अंतरावर मोजून आकडे इथेच लिहीन.