छोट्या विमानात चार तास: पाणी तोडायचं की सोय करायची?

सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून गोव्याला जाणाऱ्या एटीआर ७२ या पंख्याच्या प्रवासी विमानात टॉयलेट असतं, त्यामुळे त्या प्रवाशांना वाटेत लघवी लागण्याची चिंता नाही. प्रश्न सेसना १७२ सारख्या चार आसनांच्या छोट्या विमानांचा आहे. त्यात टॉयलेट तर सोडाच, उठून उभं राहायलाही जागा नसते, आणि टाक्या भरलेल्या असतील तर ते चार तास सहज उडतं.

बहुतेकांचा उपाय ठरलेला: सकाळपासून पाणीच प्यायचं नाही. माझ्या मते सगळ्यांत वाईट पर्याय हाच. एक तर तो चालत नाही. पाणी तोडलं तरी मूत्रपिंडं थांबत नाहीत, तासाला थोडी लघवी साठतच राहते. दुसरं, सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असतो; उन्हात तापलेल्या केबिनमध्ये टेकऑफआधीच घाम निथळतो. शरीरातलं पाणी वजनाच्या दोन टक्के घटलं तरी लक्ष विचलित होऊ लागतं, आणि सगळ्यांत जास्त लक्ष लागतं ते शेवटी, लँडिंगला.

निघताना लिटरभर पाणी ढोसणंही कामाचं नाही, त्यातलं बरंचसं तासा-दीड तासात बाहेर यायला बघतं. आदल्या दिवशी भरपूर प्या, सकाळी एक ग्लास, मग वर गेल्यावर अधूनमधून दोन-चार घोट. चहा एकच. आणि उड्डाणाच्या सकाळी कडक भाकरी-शेंगा चटणी नको. मलाही जड जातं हे सांगायला, पण ते मीठ-तिखट दिवसभर पाणी मागतं.

आता सोयीचं बघू. रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची बाटली पुरुषांना स्वस्त पडते, पण हवा खडबडीत असेल तर सांडते. आत जेल पावडर असलेली पिशवी त्याहून बरी: लघवी पडताच घट्ट होते, मग कलंडली तरी धोका नाही. बायकांसाठीचं तोंड असलेल्या पिशव्याही मिळतात, तरी बसल्या जागी ते जमवणं कठीणच. त्यांना मी सरळ मोठ्यांचं डायपर सुचवेन. नवी पेठेतल्या मेडिकलमध्ये मागायला लाज वाटते, मान्य. पण दोन्ही हात विमानावर राहतात, ही गोष्ट मोठी आहे. कंडोम कॅथेटर (कंडोमसारखं चढवायचं, पुढे नळी असलेलं आवरण) आणि पायाला बांधायची यूरोबॅग, म्हणजे लघवी साठवायची पिशवी, हे पुरुषांना फार लांबच्या उड्डाणाला ठीक. माप चुकलं की निसटतं.

काहीही निवडा, आधी घरी खुर्चीत बसून करून बघा. बसल्या जागी लघवी सोडायला शरीर सहजी तयार होत नाही. एकटे उडवत असाल तर त्यासाठी सीट मागे सरकवू नका, पाय पेडलपासून सुटतात. दुपारी दख्खनच्या पठारावर विमान हिंदकळतं, तेव्हा हा उद्योग करूच नका.

तीन तासांच्या पुढचा पल्ला असेल तर मी पिशवी जवळ ठेवूनही मधे उतरेन. लँडिंगचे पैसे जातात, वेळ मोडतो, पण इंधन, पाय आणि पाणी तिन्हींची सोय होते. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर ती परस्पर बंद करू नका. उड्डाणाआधी डॉक्टरांशी बोलून घ्या.