‘तारण’ म्हणजे गहाण नव्हे : चाळीसगावातील एका मंडळीच्या ओळखपुस्तिकेचे परीक्षण

चाळीसगावातील एका मराठी प्रॉटेस्टंट मंडळीने, म्हणजे चर्चने, नव्याने उपासनेला येणाऱ्यांसाठी 48 पानांची ओळखपुस्तिका छापली आहे. तिची किंमत 30 रुपये असून रविवारच्या उपासनेनंतर दाराजवळच्या टेबलावर ती मिळते. निवृत्तीनंतर नगरहून मुलाकडे राहायला आलो तेव्हा या गावात आपली उपासना कुठे होईल, हा प्रश्न माझ्यापुढे होता आणि त्या शोधात ही पुस्तिका हाती आली. मंडळीचा विश्वास एका बैठकीत वाचून होतो, पण तो खरा आहे की नाही हे तिच्यात बसल्याशिवाय कळत नाही. म्हणून मी सलग 9 रविवार तिथे गेलो, शनिवारी संध्याकाळी पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, घेत असलेल्या वाचनवर्गालाही बसलो आणि पुस्तिकेत जे लिहिले आहे ते प्रत्यक्ष उपासनेत दिसते का, हे पान उघडे ठेवून पाहिले.

या पुस्तिकेचा सर्वांत मोठा गुण असा की शब्द समजले आहेत असे ती गृहीत धरत नाही. आम्ही जन्माने ख्रिस्ती असलेली माणसे ‘तारण’ हा शब्द लहानपणापासून इतक्या वेळा उच्चारतो की बाहेरच्या माणसाला तो कसा ऐकू येत असेल, याचा विचार आमच्या मनात येत नाही. दुसऱ्या शनिवारच्या वर्गाला शेजाऱ्याच्या आग्रहाने आलेले एक कापूस उत्पादक शेतकरी होते. त्यांनी अगदी सरळ मनाने विचारले, “तारण म्हणजे काय गहाण ठेवायचे?” त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. सोने तारण कर्ज, बाजार समितीतील शेतमाल तारण योजना, बँकेच्या कागदावरील तारणाचा रकाना, हेच त्या शब्दाचे रोजच्या व्यवहारातील रूप आहे. पाळकसाहेबांनी त्यांना पुस्तिकेचे 11 वे पान उघडायला सांगितले. ‘तारणे’ म्हणजे बुडणाऱ्याला पैलतीरी नेणे, ‘तारू’ हा शब्दही त्याच धातूचा आणि येथे माणसाने काहीही गहाण ठेवायचे नसून ज्याला स्वतः पोहता येत नाही त्याला दुसऱ्याने उचलून नेले आहे, असा खुलासा तिथे आधीच छापलेला होता. तो प्रश्न कोणीतरी कधीतरी विचारेल, हे ओळखून पुस्तिका लिहिली गेली आहे, आणि तेवढ्यासाठीच मी तिला मनापासून दाद देतो.

‘खंडणी’ या शब्दाबद्दलही तसेच. बायबलमधील मार्काच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायाच्या 45 व्या वचनात, मनुष्याचा पुत्र पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आला, असे म्हटले आहे. आज वर्तमानपत्र वाचणाऱ्याला ‘खंडणी’ म्हटले की धमकावून उकळलेला पैसा आठवतो आणि मग देवाला कोणी धमकावले, असा विचित्र अर्थ मनात उभा राहतो. बंदिवानाला सोडवण्यासाठी दुसऱ्याने भरलेले मोल, हा मूळचा अर्थ पुस्तिकेने चार ओळींत नीट मांडला आहे आणि तिथेच थांबून पुढचा वाद उकरलेला नाही.

तारणाविषयी मंडळी काय मानते, हे पुस्तिकेच्या मधल्या 16 पानांत आले आहे आणि हाच भाग सर्वांत काळजीपूर्वक लिहिलेला आहे. रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायातील 23 वे वचन घेऊन सर्व माणसे पापी आहेत, येथून मांडणी सुरू होते. ‘सर्व’ या शब्दात मंडळीतले लोक आणि खुद्द पाळकही येतात, हे तिथे स्पष्ट सांगितले आहे. पुढे इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील 8 व 9 ही वचने येतात आणि त्यांवरून तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे मिळते, ते देवाचे दान आहे आणि कोणी आपल्या कर्मांची बढाई मारू नये म्हणून ते कर्मांवर अवलंबून ठेवलेले नाही, असा निष्कर्ष काढला आहे. आपल्याकडे पुण्याचा संचय ही कल्पना घरोघरी आहे. तिच्याशी कृपेचा फरक दाखवताना पुस्तिकेने शेजाऱ्यांच्या श्रद्धेविषयी एकही उणा शब्द वापरलेला नाही, आणि मिश्र वस्तीच्या या गावात ही सभ्यता मला फार महत्त्वाची वाटते.

मग सत्कर्माला काही अर्थच नाही का, हा प्रश्न लगेच येतो. पुस्तिका याकोबाच्या पत्राकडे वळते, जिथे कृतीवाचून असलेला विश्वास निर्जीव म्हटला आहे, आणि जळगाव जिल्ह्याच्या वाचकाला दुसरे उदाहरण लागणार नाही असे उदाहरण देते. घड लागला म्हणून ते केळीचे झाड ठरत नाही. ते केळीचे झाड असते म्हणूनच त्याला घड लागतो, आणि वर्षानुवर्षे घडच आला नाही तर शेतकरी मुळाशी काय झाले ते पाहतो. मी अनेक उपदेश ऐकले आहेत, परंतु विश्वास आणि कृती यांचा संबंध याहून सोप्या रीतीने सांगितलेला मला आठवत नाही. विश्वासणाऱ्याचे तारण पुढे हरवू शकते का, या प्रश्नावर मात्र पुस्तिका दोनच वाक्यांत निघून जाते. या प्रश्नावर कॅल्विन (तारण हरवत नाही असे मानणारी) आणि आर्मिनियस (हरवू शकते असे मानणारी) या दोन धर्मपंडितांच्या परंपरांतील प्रामाणिक माणसे शतकानुशतके निरनिराळे मत बाळगून आहेत, एवढे तरी सांगायला हवे होते. कारण नवा विश्वासणारा पहिल्यांदा अडखळून पडतो तेव्हा रात्री त्याच्या मनात हाच प्रश्न येतो.

या शिकवणीचा उगम समजून घेण्यासाठी खानदेशचा थोडा इतिहास लागतो, आणि तो पुस्तिकेत अगदीच त्रोटक आहे. 1906 मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पश्चिम भागात, नवापूरच्या बाजूला, भिल्ल वस्त्यांमध्ये स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनच्या लोकांनी काम केले आणि चिंचपाड्याचे रुग्णालय त्याच कामातून उभे राहिले. पूर्व भागात भुसावळ, जळगाव, चाळीसगाव या पट्ट्यात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स ही मिशन संस्था होती. अलायन्सचे संस्थापक ए. बी. सिम्पसन यांनी ख्रिस्ताविषयीची शिकवण चार पदांत बांधली होती : तारणारा, पवित्र करणारा, आरोग्य देणारा आणि पुन्हा येणारा राजा. ही मंडळी याच धारेतली असल्यामुळे तिच्या उपासनेत ही चारही पदे जागोजागी दिसतात.

उपासना सकाळी 10 वाजता सुरू होते. चपला बाहेर काढाव्या लागतात. पुढच्या भागात सतरंज्या आणि मागे वृद्धांसाठी खुर्च्या आहेत, स्त्रिया डोक्यावर पदर घेऊन बसतात. आरंभी एक स्तोत्र वाचले जाते, नंतर पेटी आणि तबल्याच्या साथीने गीते होतात. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर मराठी ख्रिस्ती उपासनेला अभंग आणि ओवी यांची जी चाल दिली, ती येथे अजून जिवंत आहे. परक्या चालीवर बसवलेली गीतेही गातात, पण टिळकांचे पद सुरू झाले की मागच्या खुर्च्यांवरील म्हाताऱ्यांचा आवाज पुस्तकाकडे न पाहता वर चढतो. त्यानंतर पापांगीकाराची प्रार्थना येते आणि येथेच पुस्तिकेतील 16 पाने डोळ्यांसमोर घडतात. आधी सर्वांनी मान खाली घालून काही काळ नि:शब्द राहायचे, मग पाळकांनी क्षमेचे वचन वाचायचे आणि त्यानंतरच दानाची थैली फिरायची. मी नगरच्या मंडळीत दान आणि क्षमा यांच्या क्रमाकडे कधी लक्ष दिले नव्हते. येथे क्षमा आधी मिळते आणि दान नंतर दिले जाते, त्यामुळे दान हे क्षमेचे मोल आहे असा समज व्हायला जागाच राहत नाही. पाहुण्यांनी थैलीत काही टाकण्याची अपेक्षा नाही, असेही दर रविवारी सांगितले जाते, आणि 9 रविवारांत माझ्याकडे कोणी त्या अपेक्षेने पाहिले नाही.

संदेश साधारण 40 मिनिटांचा असतो. माझ्या मते तो 10 मिनिटांनी कमी झाला तर चालेल.

प्रभुभोजन महिन्याच्या पहिल्या रविवारी असते आणि मला ते दोनदा पाहता आले. भाकरीचे तुकडे आणि लहान पेल्यांतील द्राक्षरस बसल्या जागी दिला जातो. भाकर आणि द्राक्षरस ही ख्रिस्ताच्या मरणाची आठवण आहे आणि विश्वासाने घेणाऱ्याला त्यात ख्रिस्ताची संगत लाभते, असे मंडळी मानते. भाकरीचे स्वरूप बदलते असे ती मानत नाही. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 11 व्या अध्यायातून वचने वाचली जातात आणि प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी म्हणून थोडा वेळ दिला जातो. पहिल्या खेपेस माझ्या पुढच्या रांगेतील एक गृहस्थ त्या वेळात उठले, पलीकडे बसलेल्या आपल्या भावाजवळ गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी बोलले आणि परत येऊन बसले. काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही, पण दोघांनीही नंतर पेला घेतला. ज्यांनी अजून विश्वासाचा अंगीकार केलेला नाही त्यांनी शांत बसून राहावे, त्यात कमीपणा नाही, हे पुस्तिकेच्या 31 व्या पानावर आहे आणि पाळकही तेच प्रेमळ शब्दांत सांगतात.

उपासनेच्या शेवटी आजाऱ्यांसाठी प्रार्थना होते. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायाप्रमाणे मंडळीचे वडील (कारभार पाहणारे ज्येष्ठ) आजाऱ्याच्या कपाळाला तेल लावतात. मी या प्रसंगी थोडा सावध होतो, कारण देवाच्या नावाने औषध सोडायला सांगणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्याचे परिणामही पाहिले आहेत. येथे पाळकांनी मधुमेहाच्या एका बाईंना प्रार्थनेनंतर सर्वांसमोर विचारले की गोळ्या वेळेवर चालू आहेत ना. मला हायसे वाटले. पण ही गोष्ट पुस्तिकेत नाही. आरोग्य देणारा ख्रिस्त या प्रकरणात ‘औषधोपचार बंद करू नयेत’ हे एक वाक्य ठळक अक्षरांत छापलेच पाहिजे, कारण पुस्तिका घरी जाते आणि पाळक तिच्याबरोबर जात नाहीत.

माझी दुसरी आणि अधिक जिव्हाळ्याची तक्रार बाप्तिस्म्याच्या प्रकरणाविषयी आहे. ही मंडळी स्वतः विश्वास ठेवणाऱ्याचाच बाप्तिस्मा मानते आणि तो पाण्यात पूर्ण बुडवून देते; रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात ख्रिस्ताबरोबर पुरले जाणे आणि उठणे असे जे चित्र आहे, त्याला अनुसरून. बाप्तिस्म्याने तारण होत नाही, झालेल्या तारणाची ती जाहीर साक्ष आहे, हे त्यांनी उत्तम समजावले आहे. परंतु बालपणी बाप्तिस्मा झालेल्या आमच्यासारख्यांविषयी एकच वाक्य आहे : अशांनी सभासद होण्यापूर्वी पाळकांशी बोलावे. मी बोललो. सभासदत्वासाठी पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागेल, प्रभुभोजनाला मात्र मी बसू शकतो, असे त्यांनी आदराने सांगितले. माझ्या आईवडिलांनी मला तान्हा असताना देवाच्या हाती दिले आणि पंधराव्या वर्षी दृढीकरणाच्या वेळी मी स्वतःच्या तोंडाने तो विश्वास अंगीकारला. ते सर्व अपुरे होते असे मला म्हणवत नाही. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली तेव्हा बालबाप्तिस्मा आणि प्रौढबाप्तिस्मा या दोन्ही रीती एकाच मंडळीत मान्य करण्यात आल्या, म्हणजे असे होऊ शकते. मंडळीने आपले मत बदलावे असे मी म्हणत नाही. मात्र दुसऱ्या परंपरेतून येणाऱ्या माणसाला हा नियम कार्यालयात बसून कळण्याऐवजी कारणांसह पुस्तिकेतच वाचायला मिळाला असता, तर त्या दिवशी घरी परतताना माझे मन इतके जड झाले नसते.

भाषेबद्दल आणखी एक सांगायचे आहे. पुस्तिकेची मराठी शुद्ध आणि सोपी आहे, पण या मंडळीतील निम्म्याहून अधिक स्त्रिया मोठ्याने प्रार्थना करतात तेव्हा अहिराणीत करतात, आणि त्या प्रार्थनांना जी धार असते ती छापील मराठीत नाही. कृपेवरील दोन पाने जरी अहिराणीत दिली, तरी खेड्यांतून येणाऱ्या आजींना ती नातवाकडून वाचून घेता येतील. अक्षरही लहान आहे. मला वाचताना भिंग घ्यावे लागले.

नव्या आवृत्तीची तयारी नाताळापूर्वी सुरू होणार आहे, असे टेबलावरील तरुणाने सांगितले. औषधांविषयीचे वाक्य, बालबाप्तिस्म्याविषयीची दोन परिच्छेदांची मांडणी आणि अहिराणी पाने, अशा तीन सूचना मी पाळकसाहेबांना लेखी दिल्या असून त्यांनी त्या वडिलांच्या सभेपुढे ठेवण्याचे मान्य केले आहे. दरम्यान मी तीन प्रती घेतल्या : एक सुनेसाठी, एक नगरच्या माझ्या जुन्या मंडळीच्या ग्रंथालयासाठी आणि एक त्या कापूस उत्पादक गृहस्थांसाठी. ते पुढच्या शनिवारीही वर्गाला आले होते आणि त्यांना 11 वे पान घरी वाचून दाखवायचे होते.