लिओनोर फिनीचं लिथोग्राफ: दहा महिन्यांचा अनुभव

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात चित्राचा खालचा कोपरा काचेला टेकलेला दिसला आणि माझ्या पोटात गोळा आला. चित्रकार लिओनोर फिनीचं, १९७० च्या दशकातलं हे लिथोग्राफ, म्हणजे दगडावरून छापलेलं चित्र, पॅरिसहून डोंबिवलीला आणून तेव्हा पाच महिने झाले होते. आता दहा झालेत.

नोकरीमुळे मी दोन वर्षं पॅरिसला होते. तिथे रू द सेन या रस्त्यावर छापचित्रांची दुकानं आहेत. एका दुकानदाराने हातात भिंग दिलं आणि म्हणाला, आधी बघा. साध्या ऑफसेट छपाईत भिंगाखाली ठिपक्यांची शिस्तशीर जाळी दिसते; इथे खडूचे ओबडधोबड कण होते. मला आजीची शिळाप्रेसवरची पोथी आठवली. तंत्र तेच: चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने काढायचं, दगड पाण्याने ओला करायचा, मग शाई फक्त खडू लागलेल्या जागीच धरते. रंगीत चित्राला प्रत्येक रंगाचा दगड वेगळा. खाली पेन्सिलने सही आणि ८३/२७५ असा आकडा, म्हणजे २७५ छापांपैकी ८३ क्रमांकाचा. आकडा लहान म्हणजे छाप चांगला, असं समजून जास्त पैसे मोजू नका. सह्या बहुतेकदा छपाईच्या क्रमाने होतच नाहीत. कागदाच्या कडा आणि मागची बाजू मात्र नीट तपासा. किंमत माझ्या तिथल्या एका महिन्याच्या घरभाड्याहून कमी होती.

चित्रात मांडीवर मांजर घेऊन बसलेली एक बाई आहे. तिचे केस पिसांसारखे, अंगावर राखाडी-जांभळट वस्त्र. मांजराचे डोळे मिटलेले. बाई थेट आपल्याकडे बघते. फिनीचा जन्म १९०७ चा, ब्युनोस आयर्सचा. आई तिला घेऊन आजच्या इटलीतल्या त्रिएस्तला माहेरी आली आणि वडिलांनी पळवून नेऊ नये म्हणून तिला मुलाचे कपडे घालायची. पुढे डोळ्यांच्या दुखण्यात तिला बराच काळ डोळ्यांवर पट्टी बांधून राहावं लागलं. चित्रकलेचं रीतसर शिक्षण तिने घेतलं नाही. १९३६ साली अतिवास्तववाद्यांच्या, म्हणजे स्वप्नं आणि अबोध मन चितारणाऱ्यांच्या, लंडनमधल्या प्रदर्शनात तिची चित्रं होती, तरी त्यांचे पुढारी आंद्रे ब्रेतों यांच्या गटाची सभासद ती कधीच झाली नाही. तिच्या चित्रांतल्या बायका कुणी बघावं म्हणून बसलेल्या नसतात, हे मला पुस्तकं वाचून कळलं नव्हतं. रोज सकाळी चहाचा कप घेऊन समोर बसल्यावर कळलं.

सासूबाई पहिले दोन महिने पोथी वाचताना खुर्ची भिंतीकडून फिरवून घ्यायच्या. एक दिवस त्या आपणहून म्हणाल्या, "ते मांजर राखणीला बसलंय गं." तेव्हापासून खुर्ची चित्रासमोरच असते.

आता कोपऱ्याची गोष्ट. इथल्या फ्रेमवाल्याने चित्र थेट काचेला लावून, मागे प्लायवूड ठोकून आणि कडांना चिकटपट्टी मारून दिलं होतं. मीही नीट विचारलं नाही. शिवाय चित्र टांगलं होतं पावसाचा मारा बसणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर. हवेतला ओलावा कागदाने पिऊन घेतला आणि त्याला लाटा आल्या. मुंबईत जुने कागद दुरुस्त करणाऱ्या एका बाईंनी चिकटपट्टी काढायला दोन दिवस घेतले. आता कागद जपानी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्यांवर, गव्हाच्या खळीने, फक्त वरून टांगलेला आहे, बाकी मोकळा. काच आणि चित्र यांच्यात आम्लमुक्त माउंटची, म्हणजे पुठ्ठ्याच्या चौकटीची, फट आहे आणि काच अतिनील किरण अडवणारी आहे. दुरुस्ती आणि नवी फ्रेम मिळून चित्राच्या निम्म्या किमतीएवढा खर्च आला. घेतानाच तो धरून ठेवा.

चित्र आतल्या भिंतीवर हलवलं, शेजारी आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र लावलं. पन्नास टक्क्यांच्या आसपास आकडा असला की मी निश्चिंत असते. पावसाळ्यात तो ऐंशीच्या वर जातो आणि डीह्युमिडिफायर चालू करावा लागतो. चिकटपट्टीचा एक पिवळा डाग वरच्या कडेला राहिलाच आहे. माउंटखाली झाकला जातो, पण मला ठाऊक आहे तो कुठे आहे ते.

मांजराच्या कानामागे, जिथे जांभळा दगड आणि राखाडी दगड केसभर हुकलेत, तिथे एक बारीक पांढरी रेघ सुटली आहे. मला ती सप्टेंबरमध्ये पहिल्यांदा दिसली.