कर्ज मंजूर झाल्याचं खोटं पत्र आणि त्याच्या भरवशावर दिलेलं टोकन

ही फसवणूक सुरू होते ती घर आवडल्यानंतर. मालक सांगतो की दुसरं गिऱ्हाईक उद्याच टोकन घेऊन येतंय, आणि इकडे कर्जाचं अजून काहीच ठरलेलं नसतं. नेमका अशा वेळी ‘कर्ज करून देणारा’ भेटतो. कधी ब्रोकरच त्याचा नंबर देतो, कधी एखाद्या वेबसाइटवर चौकशीचा फॉर्म भरला की तासाभरात त्याचा फोन येतो. तो आधार, पॅन, पगाराच्या स्लिपा आणि बँक स्टेटमेंट व्हॉट्सअ‍ॅपवर मागवतो. दोन दिवसांत मोठ्या बँकेच्या लेटरहेडवर पत्र येतं: 50 लाखांचं गृहकर्ज मंजूर. सोबत हिशेब असतो, अर्धा टक्का प्रोसेसिंग फी म्हणजे 25,000 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी 4,500, एकूण 29,500 रुपये.

हा आकडा अगदी खऱ्यासारखा दिसतो, कारण बँकाही साधारण अशीच फी लावतात. म्हणूनच फी किती यापेक्षा ती कोणाच्या खात्यात जाते हे बघायचं. बँकेची फी बँकेच्याच नावाच्या चेकने किंवा बँकेच्या स्वतःच्या पेमेंट लिंकने जाते आणि तिची पावती मिळते. यूपीआयवर पैसे पाठवण्याआधी स्क्रीनवर खातेदाराचं नाव दिसतं. तिथे एखाद्या व्यक्तीचं किंवा ‘अमुक एंटरप्रायझेस’ असं नाव आलं तर तिथेच थांबा. एकदा पैसे गेले की मागण्या वाढत जातात: कर्जाचा विमा, फाइल रिलीज, गहाणखताचा आगाऊ खर्च. आधीचे बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे भरत राहतो.

पण खरा मोठा फटका याहून वेगळाच असतो. हे पत्र हातात आहे म्हणून घेणारा दोन-तीन लाखांचं टोकन देतो, इसारपावतीवर सही करतो आणि 45 दिवसांत बाकी रक्कम द्यायचं कबूल करतो. मुदत संपते, कर्ज येत नाही आणि इसार जप्त होतो. मालकाने काही चुकीचं केलेलं नसतं, त्यामुळे त्याच्याकडे दाद मागायलाही फारशी जागा उरत नाही.

पत्र खरं की खोटं हे ओळखता येतं. खऱ्या पत्रावर अर्ज क्रमांक असतो, व्याज कोणत्या बेंचमार्कला (रेपोसारख्या आधारदराला) जोडलंय आणि त्यावर किती स्प्रेड, म्हणजे बँकेचा जादा टक्का, आहे ते असतं, मुदत आणि हप्ता असतो, पत्राची वैधता असते. घर ठरलेलं नसताना दिलेली मंजुरी ‘मालमत्तेच्या कायदेशीर आणि तांत्रिक तपासणीच्या अधीन’ असते, आणि ते पत्रात स्पष्ट लिहिलेलं असतं. घराचा पत्ताच माहीत नसताना जे पत्र बिनशर्त ‘रक्कम वितरणास तयार’ म्हणतं, ते कोणत्याही बँकेचं नसतं. ईमेलही बघा. रिझर्व्ह बँकेने बँकांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ हे डोमेन ठरवून दिलंय. जीमेलवरून आलेलं मंजुरीपत्र सरळ खोटं समजा. आणि पत्रावरच्या नंबरवर फोन करून खात्री करण्यात काही अर्थ नाही, तो नंबर त्यांचाच असतो. शाखेत जाऊन अर्ज क्रमांक सिस्टीममध्ये बघायला सांगा.

दुसरी कसोटी घरबसल्या करता येते. समजा हातात येणारा पगार 80,000 आणि गाडीचा हप्ता 9,000. बँका साधारणपणे सगळे हप्ते मिळून पगाराच्या निम्म्यापर्यंत जाऊ देतात. म्हणजे घरासाठी उरले 31,000. साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी लाखाला सुमारे 868 रुपये हप्ता बसतो, म्हणजे कर्ज मिळेल साडेपस्तीस लाखांच्या आसपास. 50 लाखांचा हप्ताच 43,400 होतो. एवढं कर्ज ‘सेटिंग’ने काढून देतो म्हणणारा एकतर फी घेऊन पळणार आहे, नाहीतर पगाराची स्लिप बदलणार आहे. हा दुसरा प्रकार जास्त वाईट. अर्जावर सही तुमची असते, बँक प्राप्तिकर खात्याकडच्या कापलेल्या कराच्या नोंदीशी (फॉर्म 26एएस) आकडे ताडून बघते आणि खोट्या कागदांची जबाबदारी अर्जदारावर येते.

मार्जिनचाही, म्हणजे घराच्या किमतीतल्या तुमच्या स्वतःच्या वाट्याचाही, असाच घोळ घातला जातो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 30 लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत, 30 ते 75 लाखांत 80 टक्क्यांपर्यंत आणि त्यावर 75 टक्क्यांपर्यंतच कर्ज देता येतं. 10 लाखांहून महाग घरात स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणीचा खर्च त्या किमतीत धरतही नाहीत. त्यामुळे ‘शंभर टक्के कर्ज’ ही जाहिरात ऐकली की समजावं, मार्जिनसाठी तुमच्याच नावावर पर्सनल लोन काढलं जाणार. त्याचा हप्ता सुरू झाला की गृहकर्जाची पात्रता आणखी घटते.

म्हणून क्रम उलटा करा. घरं बघायच्या दोन-तीन महिने आधी क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुमच्या कर्जांची आणि परतफेडीची नोंद, काढा. सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा तो फुकट द्यावा लागतो. फेडलेलं कर्ज अजून चालू दिसत असेल तर तक्रार करा, दुरुस्तीसाठी 30 दिवसांची मुदत असते. मग एक-दोन बँकांच्या शाखेतूनच तत्त्वतः मंजुरी घ्या. एजंट एकाच वेळी पाच-सहा ठिकाणी अर्ज टाकतो, तेव्हा प्रत्येक चौकशीची नोंद रिपोर्टवर होते आणि स्कोअर खाली येतो.

टोकन देताना इसारपावतीत हे वाक्य लिहून घ्या: ‘बँकेने कर्ज नाकारल्यास किंवा मालमत्तेच्या कागदपत्रांत त्रुटी आढळल्यास इसाराची संपूर्ण रक्कम 15 दिवसांत परत केली जाईल.’ तोंडी आश्वासनावर जाऊ नका. मालक हे लिहायला तयार नसेल तर टोकन अगदी नाममात्र ठेवा. बिल्डरकडून घेत असाल तर रेरा कायद्याच्या कलम 13 प्रमाणे करारनामा नोंदवण्याआधी तो किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही.

1 ऑक्टोबर 2024 पासून मंजूर होणाऱ्या रिटेल (गृहकर्जासारख्या वैयक्तिक) कर्जांसाठी करारापूर्वी ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या अटी आणि सगळ्या खर्चांचा तक्ता, देणं बंधनकारक आहे. त्यात नसलेली कोणतीही फी तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय घेता येत नाही. विमा, फाइल, रिलीज या नावांनी कोणी पैसे मागितले की आधी तो कागद मागा.

पैसे गेलेच असतील तर लाजून गप्प बसू नका आणि त्या माणसाशी वाद घालण्यात वेळही घालवू नका. लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. तक्रार जितकी लवकर, तितकी पुढच्या खात्यात रक्कम गोठवण्याची शक्यता जास्त. स्वतःच्या बँकेला व्यवहार क्रमांकासह लेखी कळवा आणि सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. ज्या बँकेचं लेटरहेड वापरलं तिलाही पत्राची प्रत पाठवा. आधार-पॅन त्यांच्याकडे गेलेलं असतं, म्हणून आधारचं बायोमेट्रिक लॉक करा आणि पुढचे काही महिने क्रेडिट रिपोर्ट तपासत राहा. न मागितलेलं कर्ज किंवा अनोळखी चौकशी दिसली की त्याच दिवशी क्रेडिट कंपनीकडे आणि त्या कर्जसंस्थेकडे लेखी हरकत घ्या.