उत्तरेच्या रानात मासे गरवायला: गाडीने, कनूने की विमानाने?

मे महिना लागला की टोरांटो-मिनियापोलिसकडच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर चर्चा सुरू होते: यंदा फिशिंगला जायचं, पण कुठे? उत्तरं मात्र माशांच्या नावाने येतात. कुणाला वॉलाय हवा असतो, कुणाला पाइक, आणि एखाद्याने कुठेतरी मांडीएवढ्या लेक ट्राउटचा फोटो पाहिलेला असतो. माझं म्हणणं असं की मासा सगळ्यात शेवटी ठरवा. एकट्या ओंटारियोत अडीच लाख तळी आहेत, गळाला काही ना काही लागेलच. आधी ठरवायचं ते पाण्यापर्यंत पोचायचं कसं. खर्च, सोबत कोण येऊ शकेल, रात्री पाठ कशावर टेकायची, हे सगळं त्यावर ठरतं.

अमेरिकेतल्या मंडळींनी त्याच्याही आधी पासपोर्ट काढून बघावा. भारतीय पासपोर्ट आणि एच-१बी असेल तर कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा लागतो. ग्रीन कार्ड असेल तर लागत नाही. ग्रुपात एकाचाही व्हिसा लटकलेला असेल तर सरळ मिनेसोटातलं बाउंड्री वॉटर्स हे तळ्यांचं रान धरा आणि खालचा निम्मा लेख सोडून द्या.

गाडीने: लेक ऑफ द वूड्स आणि लाक सूल

आईबाबा भारतातून आलेले आहेत, पोरं लहान आहेत, ग्रुपातल्या निम्म्यांनी गळाची काठी कधी हातात धरलेली नाही, तर दुसरा विचार नको. केनोरा गावाजवळचं लेक ऑफ द वूड्स विनिपेगहून दोनशे किलोमीटरवर आहे. तळ्यात चौदा हजारांवर बेटं, त्यामुळे वारा सुटला तरी कुठल्या ना कुठल्या बेटाच्या आडोशाला बोट लावता येते. थोडं उत्तरेला लाक सूल, तिथे वॉलाय भरपूर. लॉजवर केबिन, धक्का, भाड्याची बोट, हवा तर गाइड, आणि मासे साफ करायला जाळी लावलेली वेगळी खोली. संध्याकाळी गरम पाण्याची आंघोळ मिळते. आईबाबा सोबत असतील तर ही किरकोळ गोष्ट नाही.

टोरांटोकरांना केनोरा म्हणजे एका बाजूचा दोन दिवसांचा प्रवास. सुट्टी चारच दिवसांची असेल तर साडेचारशे किलोमीटरवरचं टेमागामी तळं बरं. याला रान म्हणायचं का? सकाळी तुमच्या लाडक्या खडकाशी दुसऱ्याची बोट आधीच उभी असेल. त्याचं दुःख वाटत नसेल तर इथेच थांबा, पैसेही वाचतील.

कनूने: क्वेटिको आणि बाउंड्री वॉटर्स

कनू म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद, हलकी होडी. सीमेच्या अलीकडे-पलीकडे एकच जलप्रदेश आहे. ओंटारियोच्या बाजूला क्वेटिको (सुमारे ४,७६० चौरस किलोमीटर), मिनेसोटाच्या बाजूला बाउंड्री वॉटर्स, दहा लाख एकरांहून मोठं. क्वेटिकोत शिरायला अटिकोकन गाव, बाउंड्री वॉटर्ससाठी मिनियापोलिसहून चार-एक तासांवरचं ईली. ताजं गोडं पाणी, ग्रॅनाइटचे कडे आणि लून पक्ष्याची हाक दोन्हीकडे सारखीच. फरक आहे तो नियमांत आणि गर्दीत.

बाउंड्री वॉटर्समध्ये जिवंत आमिष चालतं आणि वॉलायचं आवडतं खाणं म्हणजे चक्क जळू. ईलीच्या दुकानात डझनाच्या हिशोबाने मिळते. आपल्याकडे पावसाळ्यात पायाला चिकटली की मीठ टाकून काढतो, तीच इथे पैसे मोजून घ्यायची आणि थंड ठेवून जपायची. क्वेटिकोत हे चालत नाही. तिथे फक्त कृत्रिम आमिष आणि टोकाशी उलटा काटा नसलेला गळ. रबरी आमिष लावलेल्या जिगवरही (वजनदार डोक्याच्या गळावरही) मासा लागतो, पण दोरीला ढील दिलीत की सुटलाच. नवख्याने बाउंड्री वॉटर्स घ्यावं, हात बसलेल्याने क्वेटिको. तिथे माणसं कमी भेटतात.

एका तळ्यातून दुसऱ्यात जाताना कनू डोक्यावर घेऊन चालावं लागतं, त्याला पोर्टेज म्हणतात. नकाशावर त्याचं अंतर 'रॉड'मध्ये लिहिलेलं असतं; एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, म्हणजे शंभर रॉड लिहिलं असेल तर अर्धा किलोमीटर. सामान दोन खेपांत न्यायचं ठरवलंत तर तेच दीड किलोमीटर होतं. भाड्याने घेताना केव्हलारची (हलक्या, मजबूत कृत्रिम धाग्याची) कनूच मागा. ती वीस किलोच्या आत असते, ॲल्युमिनियमची तीसच्या वर जाते आणि खांद्याला तो फरक पहिल्याच चढावर कळतो. डबाबंद पदार्थ आणि काचेच्या बाटल्या दोन्हीकडे बंद. लोणच्याची बरणी घरीच ठेवा, लोणचं प्लास्टिकच्या डबीत भरा. रात्री सगळं खाणं अस्वलापासून दूर बांधून ठेवायचं, लोणच्यासकट.

मासे मिळतात ते वॉलाय, पाइक, स्मॉलमाउथ बास. लेक ट्राउटही असतो, पण तो बर्फ वितळल्यावर मे-जूनच्या सुरुवातीला वरच्या पाण्यात सापडतो. पाणी तापलं की खोल जातो आणि कनूतून त्याला गाठणं कठीण. गुडघे दुखणाऱ्यांनी हा पर्याय वाचून सोडावा.

विमानाने: रेड लेक, नाकिना, आर्मस्ट्राँगच्या पलीकडे

माझा कौल इकडे. वरची तिन्ही उत्तर ओंटारियोतली गावं. ओंटारियोचा १०५ नंबरचा महामार्ग रेड लेकला संपतो आणि त्यापुढची बहुतेक तळी पाण्यावर उतरणाऱ्या विमानाशिवाय गाठता येत नाहीत. विमान बहुतेक वेळा डी हॅविलँडचं बीव्हर किंवा ऑटर. बीव्हर पहिल्यांदा उडालं १९४७ साली आणि १९६७ नंतर नवं बनलंच नाही, तेव्हा पायलट विमानापेक्षा तरुण निघाला तर दचकू नका.

धक्क्यावर वजनकाटा असतो. माणशी किती सामान न्यायचं हे ठरलेलं असतं आणि खरी करमणूक तिथे होते. आपल्या ग्रुपात हमखास एकाच्या पिशवीतून पाच लिटरचा कुकर निघतो, दुसऱ्याच्या पिशवीतून दहा किलो तांदूळ, आणि सगळ्यांच्या पिशव्यांतून वेगवेगळं फरसाण. कुकर न्या, पण शहाण्यासारखा एकच. कडक सुटकेस नको, मऊ बॅगा न्या. त्या विमानाच्या कोपऱ्यात कोंबता येतात. बिअरचे कॅन किती, हा वाद धक्क्यावर घालू नका, घरी मिटवा.

विमान तुम्हाला सोडून जातं आणि त्या अख्ख्या तळ्यावर तुमचाच ग्रुप. एक लाकडी केबिन, गॅसवर चालणारा फ्रिज आणि शेगडी, लहान मोटर लावलेल्या ॲल्युमिनियमच्या बोटी. स्वयंपाक तुमचा, धुणीभांडी तुमची. फोन लागत नाही, म्हणून सॅटेलाइट मेसेंजर भाड्याने घ्या. वॉलाय उजेडाला बुजतो, म्हणून तो पहाटे, तिन्हीसांजेला किंवा पाण्यावर लाटा उठल्या असताना चांगला लागतो. दुपारी गवताळ खाडीत पाइकच्या मागे जा, गळाच्या आधी तारेचा तुकडा (लीडर) लावून, कारण त्याच्या दातांपुढे साधी दोरी टिकत नाही.

दुपारचं जेवण काठावर. गोरे लोक पीठ लावून तळतात. आपण रवा, तांदळाचं पीठ आणि मालवणी मसाला नेतो. वॉलायचं मांस पांढरं, घट्ट, जवळपास बिनकाट्याचं. (गावातल्या हॉटेलात 'पिकरेल' लिहिलेलं असेल तो हाच.) पाइकला वायच्या आकाराचे काटे असतात म्हणून पुष्कळ लोक तो सोडून देतात, पण काटेरी पाला मासा खात मोठे झालेल्याने त्याचा बाऊ करू नये.

तोटा हवामानाचा. धुकं किंवा वारा असेल तर विमान येत नाही, म्हणजे नाही. परतीच्या दुसऱ्याच दिवशी ऑफिसात मीटिंग ठेवणाऱ्याने हा पर्याय घेऊ नये.

आणि ग्रेट बेअर

कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमधलं, आर्क्टिक वृत्त ज्या तळ्यावरून जातं ते हे, सुमारे ३१,००० चौरस किलोमीटरचं. लेक ट्राउटचा ७२ पौंडांचा जागतिक विक्रम १९९५ साली इथलाच. पाणी उन्हाळाभर इतकं थंड राहतं की ट्राउटला खोल जावं लागत नाही, जुलै-ऑगस्टमध्येही उथळात लागतो. पण हंगाम जेमतेम तेवढाच, आणि यलोनाइफ शहरामार्गे लॉजवरच्या आठवड्याला माणशी कित्येक हजार डॉलर. पहिलीच ट्रिप असेल तर हा पैसा वाया. मोठा ट्राउट ओढायची मजा कळायला आधी बरेच छोटे ओढलेले असावे लागतात. हे मासे फार सावकाश वाढतात, विक्रमाच्या जवळपासचा मासा कित्येक दशकांचा असतो, तेव्हा फोटो काढून परत सोडायचा.

लायसन्स, डास आणि बुकिंग

ओंटारियोत वॉलायचा हंगाम उत्तरेकडे मेच्या तिसऱ्या शनिवारी उघडतो. बऱ्याच भागांत स्पोर्ट लायसन्सवर चार, कन्झर्वेशन लायसन्सवर दोन वॉलाय, त्यातही ४६ सेंटिमीटरपेक्षा मोठा एकच. तळ्यागणिक नियम बदलतात, म्हणून आधी झोन बघा. हा आकडा रोजचा तर आहेच, पण तुमच्या ताब्यातल्या एकूण माशांचाही तोच आहे. फ्रीझर भरून आणायचा बेत असेल तर तो आत्ताच सोडा. तसंही मोठ्या वॉलाय-पाइकमध्ये पारा जास्त साठतो, खायला लहानच बरे. गरोदर बायका आणि मुलांसाठी तर प्रांताचा तक्ता पाहूनच. मिनेसोटातून ओंटारियोत जिवंत आमिष नेता येत नाही. उरलेल्या जळवा सीमेआधीच संपवा.

काळी माशी मेच्या मध्यापासून जूनअखेर, डास जून-जुलै. मासा सगळ्यात जोरात लागतो तोही जूनमध्येच, हा निसर्गाचा हिशोब. जाळीचं जॅकेट घेतलंत तर जून सोसतो, नाहीतर ऑगस्टअखेर.

बाउंड्री वॉटर्सचे परमिट जानेवारीच्या शेवटी खुले होतात आणि चांगल्या प्रवेशजागा लगेच संपतात. क्वेटिकोचं बुकिंग पाच महिने आधी उघडतं. विमानाच्या केबिनींचे जूनचे आठवडे जुने ग्रुप निघतानाच पुढच्या वर्षासाठी धरून जातात. तेव्हा यंदा उशीर झाला असेल तर ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यासाठी फोन करा, आणि फोनवरच विचारा: माणशी किती किलो?