नगावर मजुरी की पगार आणि सामूहिक भत्ता: लहान मशीन शॉपच्या मालकांसाठी

सीएनसी आणि व्हीएमसी या संगणकाच्या आज्ञेने धातू कापणाऱ्या मशीनवर बाहेरच्या कंपन्यांचे जॉब (सुटे भाग बनवण्याची कामे) करणाऱ्या लहान कारखानदारापुढे कधी ना कधी हा प्रश्न येतोच: ऑपरेटरला नगावर मजुरी द्यावी, की महिन्याचा पगार ठेवून चांगल्या उत्पादनाबद्दल सगळ्या शिफ्टला मिळून भत्ता द्यावा? भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत मी या दोन्ही पद्धती चालवल्या आहेत. माझा कल कोणीकडे आहे ते पुढे दिसेलच. परंतु नगावरच्या मजुरीची बाजू कमकुवत आहे असे मी म्हणणार नाही.

इचलकरंजीच्या यंत्रमागावर मीटरमागे आणि सोलापुरात विड्यांना हजारामागे मजुरी देण्याची रीत इतकी वर्षे टिकली, याला कारण आहे. काम एकसारखे असते, मोजायला सोपे असते आणि ज्याचे त्याच्या नावावर पडते. अमेरिकेत गाड्यांच्या काचा बसवणाऱ्या सेफलाइट कंपनीने 1994-95 मध्ये तासावरचा पगार सोडून नगावर मजुरी सुरू केली, तेव्हा दर कामगारामागचे काम सरासरी 44 टक्क्यांनी वाढले, असे अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड लझीर यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले. यातली साधारण निम्मी वाढ त्याच माणसांनी अधिक काम केल्यामुळे झाली होती. मात्र तिथे एक काच म्हणजे एका माणसाचे काम होते, आणि ती नीट बसली नाही तर कोणी बसवली हे कळत असे व दुरुस्तीही त्यालाच करावी लागे. आपल्याकडे एकच नग तीन मशीनवरून फिरतो, आणि बोअरमधली (आतल्या भोकातली) चूक कित्येकदा ग्राहकाच्या तपासणीतच उघडकीला येते. तरीही केवळ रिजेक्शनमुळे (नग नापास होण्यामुळे) मी पद्धत बदलली नसती, कारण कडक तपासणीने ते बऱ्यापैकी आवरता येते.

मला निर्णयाप्रत नेले ते सेटिंगने, म्हणजे नव्या जॉबसाठी मशीन जुळवून घेण्याच्या कामाने. दोन हजार बुशचा (पोकळ नळीसारख्या नगांचा) लॉट मशीनवर चढला की ऑपरेटर खूश असतो, कारण एकदा सेटिंग झाले की पुढे नगामागून नग पडत राहतात. साठ नगांचा लॉट आला की नग धरणारे जॉज बदलायचे, टूल ऑफसेट (हत्यारांची मापे) घ्यायचे, पहिला नग तपासून मंजूर करून घ्यायचा, आणि या दीड-दोन तासांत त्याच्या नावावर एकही नग जमा होत नाही. त्यामुळे रोज सकाळी जॉबवाटप म्हणजे घासाघीस होऊ लागली. सेटिंगला तासाप्रमाणे वेगळे पैसे दिले, तर सेटिंग लांबू लागले. त्यासाठी वेगळा माणूस नेमला, तर दोन मशीन त्याची वाट पाहत उभी राहू लागली आणि बाकीच्यांचे सेटिंग शिकणे थांबले. छोट्या लॉटसाठी आळीपाळी लावली, तर कोणी रजेवर गेला की सगळे वेळापत्रक कोलमडे. या सगळ्यात ग्राहकाचे तातडीचे छोटे लॉट मागे पडत. मला सर्वांत जास्त सलत असे ते हे की अवघड जॉब साहजिकच सर्वांत जाणत्या ऑपरेटरकडे जात आणि त्यामुळे महिनाअखेरीस त्याच्याच हातात कमी पैसे पडत. कौशल्याला अशी शिक्षा देणारी पद्धत फार काळ चालवणे मला जमले नाही.

पगार आणि सामूहिक भत्ता सुरू केल्यावर ही घासाघीस थांबली. भत्ता मोजताना ग्राहकाने स्वीकारलेले नगच आम्ही धरतो, प्रत्येक सेटिंगचे ठरलेले तास उत्पादनात जमा करतो आणि रिवर्क (दुरुस्तीसाठी पुन्हा केलेले काम) वजा करतो. आता छोटा लॉट आला की शेजारचा ऑपरेटर फिक्स्चर (नग पकडून ठेवणारी चौकट) बांधायला स्वतःहून येतो, कारण मशीन उभे राहिले तर भत्ता सगळ्यांचाच घटतो. या पद्धतीची किंमतही मोजावी लागते. लांब लॉटवरचा वेग माझ्या अंदाजाने थोडा उतरला, मोठ्या लॉटवर भरपूर कमावणारा एक हुशार ऑपरेटर सोडून गेला, आणि अंग चोरून काम करणाऱ्याला गटाच्या आडोशाला लपता येते. त्यामुळे शॉपवर सतत फिरणारा, हिशेब समजणारा सुपरवायझर नसेल तर ही पद्धत कदाचित आपल्याला मानवणार नाही.

कायद्याच्या बाजूने दोन्हींत फारसे अंतर नाही. नगावर काम करणाऱ्यालाही किमान वेतनापेक्षा कमी देता येत नाही. हे 1948 च्या किमान वेतन कायद्यात होते आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही आहे. जादा वेळेचा मोबदला त्यालाही दुप्पट दरानेच द्यावा लागतो. त्यामुळे नगावर मजुरी दिली की मालकाची जबाबदारी संपते, या समजावर कोणी निर्णय घेऊ नये.

डीबरिंग (कडांवरचे बारीक कंगोरे घासून काढणे), पॅकिंग किंवा वर्षभर चालणारा एकच जॉब असेल, तर मी आजही नगावरच्या मजुरीचा विचार करीन. पण आपल्याकडे आठवड्यातून तीन-चार वेळा जॉब बदलत असतील, तर पगार आणि सामूहिक भत्ता आधी एका शिफ्टवर लावून पाहावा, असे मी आग्रहाने सुचवीन. तसे करताना एक पथ्य मात्र पाळावे. कमाई वाढली की मालक दर कापतो हे ठाऊक असल्यामुळे कामगार मुद्दाम हात राखून काम करतात, हे अमेरिकन अभियंता फ्रेडरिक टेलर यांनी 1895 मध्येच नोंदवले होते, आणि सामूहिक भत्त्यालाही ते तितकेच लागू पडते. म्हणून भत्त्याचा दर किमान वर्षभर बदलणार नाही, आणि नवे मशीन आले तरच नव्याने ठरवला जाईल, असे सुरुवातीलाच लिहून सूचनाफलकावर लावावे.